मैलांचा हिशेब

गिऱ्हाइकाच्या निष्ठेला काही मोल द्यावे, ही व्यापारातली फार जुनी चाल आहे. वर्षभर एकाच वाण्याकडून माल भरणाऱ्या घराला दिवाळीच्या सुमारास चार जिन्नस अधिक मिळत, आणि त्यात देणाऱ्याला औदार्याचे व घेणाऱ्याला मानाचे समाधान असे. अमेरिकेत या चालीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पद्धतशीर रूप आले. १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन या कंपनीने हिरव्या रंगाची छोटी तिकिटे दुकानदारांना विकण्यास प्रारंभ केला. गिऱ्हाइकाने खरेदीच्या प्रमाणात ती तिकिटे मिळवावीत, वहीत चिकटवावीत आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात एखादी संसारोपयोगी वस्तू न्यावी, अशी ती योजना होती. तिकिटे किती आणि वस्तू कोणती, याचा हिशेब एका छापील पत्रकात मावत असे. तो समजण्यासाठी कोणाचा सल्ला घ्यावा लागत नसे.

आजच्या विमानप्रवाशाच्या हाती असलेली वही मात्र इतकी सोपी राहिलेली नाही. तिच्यात तिकिटांऐवजी मैल चिकटवले जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांचे मोल ठरवण्याचा अधिकार ज्याने ते दिले त्याच्याच हाती असतो. ही वही वाचावी कशी, हे प्रवाशांनीच एकमेकांना शिकवले. त्यांनी आपापले अनुभव एकत्र करून, कोणाच्याही सांगण्यावाचून, विमान कंपन्यांच्या योजनांच्या मार्गदर्शिका तयार केल्या. या सामुदायिक उद्योगाची हकिगत वरवर पाहता काही हौशी लोकांच्या छंदाची वाटेल. वस्तुतः तिच्यात नागरिक, नियम आणि विश्वास यांच्या परस्परसंबंधाचा एक मोठा प्रश्न गुंतलेला आहे.

प्रथम या योजनेचा जन्म पाहू. १९७८ सालापर्यंत अमेरिकेतील विमानभाडी सरकारी मंडळाच्या संमतीने ठरत. त्या वर्षी संमत झालेल्या कायद्याने हे नियंत्रण उठवण्याचा मार्ग मोकळा केला आणि कंपन्यांमध्ये भाड्याची चढाओढ सुरू झाली. भाडे कमी करणे कोणालाही शक्य होते. परंतु आलेला प्रवासी टिकवावा कसा, हा प्रश्न उरला. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ही योजना जाहीर केली. प्रवाशाने जितके मैल उड्डाण केले तितके त्याच्या नावावर जमा व्हायचे आणि ठरावीक मैल जमले की बक्षीस म्हणून तिकीट मिळायचे. कंपनीच्या संगणकात आरक्षणांच्या नोंदी होत्याच. त्यांत वारंवार येणाऱ्या दूरध्वनी क्रमांकांवरून नेहमीचे प्रवासी हुडकून काढण्यात आले. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सनेही तशीच योजना पुढे आणली, आणि मग इतर कंपन्यांना स्वस्थ बसणे शक्य राहिले नाही.

येथवर हिशेब सरळ होता. पुढे त्याला फाटे फुटत गेले. १९८७ साली सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सशी जोडलेले क्रेडिट कार्ड काढले, आणि किराणा भरूनही मैल मिळू लागले. १४ मे १९९७ रोजी पाच कंपन्यांनी ‘स्टार अलायन्स’ हा संघ स्थापला. पाठोपाठ ‘वनवर्ल्ड’ आणि ‘स्कायटीम’ हे संघ आले. आता एका कंपनीच्या विमानात बसून दुसऱ्या कंपनीच्या वहीत मैल जमा करता येऊ लागले. मैलांच्याही जाती झाल्या: काही मैल खर्च करून तिकीट घेण्यासाठी, तर काही केवळ प्रवाशाचा दर्जा ठरवण्यासाठी. २०१५ साली डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी, व २०१६ साली अमेरिकननेही, उड्डाणाच्या अंतराऐवजी तिकिटासाठी मोजलेल्या पैशांवर मैल देण्यास आरंभ केला. म्हणजे ‘मैल’ हा शब्द राहिला, पण त्यातले अंतर निघून गेले.

याच काळात या मैलांचे आर्थिक महत्त्व किती वाढले होते, याची कल्पना महामारीच्या दिवसांत आली. २०२० साली विमाने जमिनीवर उभी होती आणि कंपन्यांना पैशाची निकड होती. त्या वेळी युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून सुमारे ६८० कोटी डॉलर उभे केले, डेल्टाने ९०० कोटी, आणि पुढच्या वर्षी अमेरिकनने १००० कोटी. उडणाऱ्या विमानांपेक्षा न दिसणाऱ्या मैलांवर सावकारांनी अधिक भरवसा ठेवावा, हा काळाचा एक चमत्कारच म्हणावा लागेल.

अशा योजनेचे नियम कंपनी प्रसिद्ध करीत नाही असे नव्हे. ती करते, आणि विस्ताराने करते. परंतु नियमांचे पुस्तक आणि नियमांचा व्यवहार यांत नेहमीच अंतर असते. कायद्याचे कलम वाचून कचेरीतले काम कसे चालते हे जसे कळत नाही, तसेच योजनेची कलमे वाचून मैल केव्हा जमा होतील, न झाल्यास कोणता पुरावा मागतील, बक्षिसाच्या जागा कोणत्या सुमारास खुल्या होतात, हे कळत नाही. हे ज्ञान अनुभवाचे असते, आणि एका माणसाचा अनुभव तोकडा असतो. वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्याला एकच प्रसंग ठाऊक. दर आठवड्याला प्रवास करणाऱ्यालाही आपले दोन-चार मार्गच ठाऊक. उलट कंपनीच्या कचेरीत लाखो प्रवाशांचे हिशेब एकत्र असतात. एका पक्षाला सारा पट दिसतो आणि दुसऱ्याला फक्त आपली सोंगटी, अशा स्थितीत हा खेळ खेळला जातो.

ही विषमता कमी करण्याचा उपाय एकच, तो म्हणजे अनुभवांची बेरीज. रँडी पीटरसन या गृहस्थाने १९८६ साली कोलोरॅडो राज्यातून वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी एक नियतकालिक सुरू केले आणि पुढे या योजनांची मार्गदर्शक पुस्तकेही काढली. त्याच्या भोवती वाचकांचा एक मोठा समुदाय जमला. ते वाचक केवळ वाचून थांबले नाहीत. कोठे काय मिळाले, कोठे नकार मिळाला, हे कळवू लागले. संगणकाच्या जाळ्याने ही देवाणघेवाण रोजची केली, आणि एका संपादकाच्या पुस्तकाची जागा हळूहळू अनेकांनी मिळून लिहिलेल्या मार्गदर्शिकांनी घेतली.

अनेकांच्या हातून ग्रंथ घडवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश असाच अनेकांच्या श्रमांतून उभा राहिला. परंतु कोशाचा विषय बहुधा स्थिर असतो, आणि मैलांच्या मार्गदर्शिकेचा विषय पाऱ्यासारखा असतो. नदीची लांबी दरवर्षी बदलत नाही. बक्षीस-तिकिटाचा दर एका रात्रीत बदलू शकतो. म्हणून या मार्गदर्शिका घडवणाऱ्यांना काही पथ्ये पाळावी लागली, आणि ती कोणत्याही लोकोपयोगी संकलनाला लागू पडतील अशी आहेत.

पहिले पथ्य शब्दांचे. आरंभी प्रत्येक संज्ञेचा अर्थ सांगितला पाहिजे. खर्च करावयाचे मैल आणि दर्जा ठरवणारे मैल यांचा घोटाळा नवख्या प्रवाशाला हमखास फसवतो. त्याहून फसवी असतात ती भाड्याची अक्षरे. विमानात एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांच्या तिकिटांवर निरनिराळी अक्षरे असू शकतात. जेवण एक, खुर्ची एक, परंतु एकाला पूर्ण मैल मिळतात, दुसऱ्याला त्यांचा चतुर्थांश, आणि कधी काहीच नाही. आपल्या संघातील कोणती कंपनी कोणत्या अक्षराला किती मैल देते, याचे कोष्टक हा अशा मार्गदर्शिकेचा कणा असतो. ते करणे कंटाळवाणे काम आहे. पण ज्याने ते केले त्याचे आभार शेकडो अनोळखी माणसे मनातल्या मनात मानतात.

दुसरे पथ्य पुराव्याचे. ‘नियमात असे लिहिले आहे’, ‘पुष्कळांना असा अनुभव आला’ आणि ‘एकाने असे सांगितले’ ही तीन विधाने एकाच मापाने मोजता येत नाहीत. चांगली मार्गदर्शिका या तिन्हींना निरनिराळ्या जागी ठेवते. दूरध्वनीवर बोललेल्या एखाद्या कारकुनाने दिलेले आश्वासन हा नियम नव्हे, आणि एका प्रवाशाला मिळालेली सवलत हा हक्क नव्हे. ऐकीव गोष्ट पाच जणांनी पुन्हा सांगितली म्हणजे तिचे पाच पुरावे होत नाहीत, हे तर विशेषच ध्यानात ठेवावे लागते.

तिसरे पथ्य तारखेचे. प्रत्येक नोंदीपुढे ती केव्हा पडताळली हे लिहिलेले असावे. बिनतारखेची माहिती ही बिनतारखेच्या औषधासारखी असते. ती गुणकारी असेल किंवा अपायकारकही, परंतु घेणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय नियम बदलला म्हणून जुना नियम पुसून टाकावयाचा नसतो. तो बाजूला, पण वाचता येईल असा जपून ठेवावा लागतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये डेल्टाने बक्षीस-तिकिटांच्या दरांचे कोष्टक प्रसिद्ध करणे थांबवले. २०१९ साली युनायटेडने आपल्या उड्डाणांच्या बाबतीत तेच केले. त्यानंतर एखाद्या मार्गाला पूर्वी किती मैल पडत आणि आता किती पडतात, हे सांगण्याचे साधन प्रवाशांनी जपून ठेवलेल्या जुन्या कोष्टकांखेरीज फारसे उरले नाही. सरकारी दप्तरात जुनी फाईल का सांभाळावी, याचे उत्तर येथेही मिळते.

चौथे पथ्य निःस्पृहतेचे, आणि ते पाळणे सर्वांत कठीण. क्रेडिट कार्डाची शिफारस करणाऱ्याला बँकेकडून दलाली मिळते, आणि मैलांविषयीचे पुष्कळसे लिखाण या दलालीवर चालते. दलाली घेणारा खोटेच सांगतो असे नव्हे. पण त्याचा सल्ला कोणत्या दिशेला झुकेल हे समजण्यास फार बुद्धी लागत नाही. सामुदायिक मार्गदर्शिकेचे मोल यातच आहे की तिच्या लेखकांना वाचकाने काय विकत घ्यावे याशी कर्तव्य नसते. हे मोल एकदा गमावले की कितीही अचूक कोष्टके ते परत आणू शकत नाहीत.

येथे एक नैतिक पेचही उभा राहतो. एखाद्याला योजनेत लाभाची अशी फट सापडली की जी इतरांना ठाऊक नाही, तर त्याने ती सर्वांना सांगावी काय? १९९९ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स या अभियंत्याच्या लक्षात आले की, एका खाद्यपदार्थाच्या वेष्टनांवरील पट्ट्या पाठवल्यास मैल मिळतात, आणि त्या कंपनीचे पुडिंगचे प्याले तर अतिशय स्वस्त आहेत. त्याने सुमारे ३,१४० डॉलर खर्चून १२,१५० प्याले खरेदी केले. एवढे पुडिंग कशासाठी, असे विचारणाऱ्यांना तो सांगे की, दोन हजार सालच्या संकटासाठी साठा करीत आहे. अखेर ‘साल्व्हेशन आर्मी’ या धर्मादाय संस्थेला त्याने पुडिंग देऊन टाकले, तिच्या स्वयंसेवकांनी पट्ट्या सोलून दिल्या, आणि त्याच्या नावावर साडेबारा लाख मैल जमा झाले. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. त्याने नियम वाचला होता, एवढेच.

तरीही काम पुरे होईपर्यंत त्याला मौन बाळगावेसे वाटले, हे लक्षणीय आहे. अशी गोष्ट चारचौघांत गेली की कंपनी फट बुजवते, आणि म्हणून जाणकार मंडळी पुष्कळदा कुजबुजीत बोलतात. सामुदायिक मार्गदर्शिकेने यातून सामान्यतः एक मध्यम मार्ग काढावा लागतो. जे नियमात छापलेले आहे ते निःसंकोच सांगावे, कारण तो सर्व सभासदांचा हक्क आहे. जी केवळ कारकुनी चूक आहे, जसे की शून्य गळाल्याने कवडीमोल झालेले भाडे, ती मार्गदर्शिकेचा विषय नव्हे. दुसऱ्याच्या चुकीवर सार्वजनिक ज्ञान उभारता येत नाही. आणि जे नियमाविरुद्ध आहे, उदाहरणार्थ मैलांची चोरटी विक्री, त्याचे धोके स्पष्ट लिहावेत, कारण त्यात सापडलेल्या प्रवाशाची सारी वहीच रद्द होऊ शकते.

आता प्रश्न असा की, एवढा खटाटोप कशासाठी? दोन-चार फुकट तिकिटांसाठीच काय? याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील दोन निर्णयांत सापडते. १९८८ साली अमेरिकन एअरलाइन्सने योजनेच्या नियमांत केलेले बदल आधीच जमलेल्या मैलांनाही लागू केले. बक्षिसाच्या जागा मर्यादित केल्या आणि काही तारखा वगळल्या. सभासदांनी दावा लावला. १९९५ साली न्यायालयाने सांगितले की, राज्यांचे ग्राहकसंरक्षणाचे कायदे येथे चालणार नाहीत. मात्र कंपनीने स्वतः दिलेले वचन मोडले असेल तर कराराच्या आधारे दाद मागता येईल. दुसरा खटला मिनेसोटातील गिन्सबर्ग नावाच्या धर्मगुरूंचा. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या योजनेत त्यांना वरचा दर्जा होता. २००८ साली, ते वारंवार तक्रारी करतात असे म्हणून, कंपनीने त्यांचे सभासदत्व रद्द केले. नियमाप्रमाणे दुरुपयोग झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार कंपनीचाच होता. हा अधिकार सद्हेतूने वापरला पाहिजे, असे गिन्सबर्ग यांचे म्हणणे होते. २०१४ साली न्यायालयाने एकमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. १९७८ च्या कायद्यामुळे राज्याने लादलेली अशी अट कंपनीला लागू करता येत नाही, असे ठरले.

त्या निकालात न्यायालयाने आणखी एक विचार मांडला, आणि तो फार महत्त्वाचा आहे. एखादी कंपनी सभासदांना वाईट वागवते असा तिचा लौकिक झाला, तर प्रवासी तिची योजना टाळून दुसरीकडे जाऊ शकतात, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे प्रवाशाचे संरक्षण फार मोठ्या अंशाने कंपनीच्या लौकिकावर सोपवले गेले. परंतु लौकिक आपोआप होत नाही. एका माणसावर झालेला अन्याय हा केवळ त्याचे गाऱ्हाणे असतो. शंभर माणसांचे अनुभव तारखांसह, पडताळून, एका ठिकाणी लिहिले गेले म्हणजे त्याचा लौकिक बनतो. न्यायालयाने ज्या बळावर भिस्त ठेवली, ते बळ निर्माण करण्याचे काम या मार्गदर्शिका करीत असतात.

हे बळ काल्पनिक नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टाने दर्जा मिळवण्याच्या अटी एकदम कडक केल्या आणि विश्रामकक्षांच्या वापरावर बंधने घातली. प्रवाशांनी जुने व नवे नियम शेजारी शेजारी मांडून कोणाचे किती नुकसान होते याचे हिशेब प्रसिद्ध केले. असंतोष इतका वाढला की कंपनीच्या प्रमुखांना आपण फार पुढे गेलो हे कबूल करावे लागले, आणि ऑक्टोबरात काही बदल सौम्य करण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या योजनांविषयी माहिती मागवली. मैलांचे मोल घटवणे, दर लपवणे, अटी बदलणे, याच गोष्टींची ती विचारणा होती. प्रवासी कित्येक वर्षे आपल्या वह्यांत जे टिपून ठेवीत आले होते, ते शासनाच्या टेबलावर पोहोचले.

भारतीय प्रवाशाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. येथेही योजना आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे धोकेही आले. २०१२ साली किंगफिशरची उड्डाणे बंद पडली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. जेटची योजना वेगळ्या कंपनीच्या ताब्यात असल्याने तिच्या सभासदांचे गुण टिकले, परंतु ते ज्या विमानांत वापरावयाचे ती विमानेच आकाशात उरली नाहीत. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांच्या वह्या एअर इंडियाकडे गेल्या. मैल हे ठेवीसारखे दिसतात, पण ती बँकेतली ठेव नव्हे. त्यांना व्याज नाही आणि विम्याचे कवचही नाही. ते साठवून ठेवण्यापेक्षा योग्य वेळी वापरणे बरे, हा प्रत्येक मार्गदर्शिकेतला पहिला धडा अशा घटनांनीच लिहिला आहे.

मराठी कुटुंबांपुरते बोलावयाचे तर आणखी एक गोष्ट आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी असलेली कितीतरी वडीलधारी माणसे मुंबईहून अमेरिकेला जातात-येतात. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्सची सदस्य आहे. त्यामुळे तिच्या उड्डाणाचे मैल तिच्याच योजनेत किंवा संघातील दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या योजनेत जमा करता येतात; मात्र एका उड्डाणाचे मैल एकाच वहीत जातात, आणि किती जातात हे तिकिटावरचे अक्षर ठरवते. सभासद क्रमांक आरक्षणाच्या वेळी द्यावा. राहून गेल्यास मुदतीत मागणी करता यावी म्हणून विमानात चढतानाचा पास जपून ठेवावा. एवढ्या साध्या गोष्टी आजी-आजोबांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितल्या, तर एका फेरीचे श्रम पुढच्या एखाद्या फेरीला थोडा तरी हातभार लावतील.

आषाढीच्या वारीत नव्या वारकऱ्याला वाट कोणी छापून देत नाही. मुक्काम कोठे, पाणी कोठे, घाटात बैल केव्हा बदलावे, हे दिंडीतली जुनी माणसे सांगतात, आणि पुढच्या वर्षी ऐकणाराच सांगणारा होतो. ज्ञान वाटल्याने कोणाची वाट अरुंद होत नाही, हा त्या व्यवहारातला विश्वास आहे. विमानाच्या वाटा आधुनिक आहेत, त्यांचे नियम दूरच्या कचेऱ्यांत ठरतात आणि त्यांमागे फार मोठे अर्थकारण आहे. तरीही त्या वाटांवरच्या प्रवाशाला आधार मिळतो तो सहप्रवाशाने लिहून ठेवलेल्या चार प्रामाणिक ओळींचाच. त्या ओळी ज्यांनी लिहिल्या त्यांची नावे बहुधा कोणालाच ठाऊक नसतात. पण ज्याला त्या उपयोगी पडल्या, त्याने आपल्या अनुभवाची एक ओळ, तारखेसह, त्यांच्या खाली जोडावी, म्हणजे त्यांचे ऋण फिटते.